या आठवड्याचा पाराशा: राशीचं भाष्य की राशीभविष्य?

नारळीपोफळी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवार तेली म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळतं, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. गाव पेणजवळ, आता ठाण्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोशेची पाच पुस्तकं म्हणजे तोरा. तिचे ५४ भाग पाडलेले आहेत, एका भागाला पाराशा म्हणायचं. दर शनिवारी सकाळी मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, दचकू नका) त्या आठवड्याचा पाराशा गुंडाळीतून वाचतात. सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो आणि तिथल्या तिथे पुन्हा जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात. जगभरातले सगळे ज्यू त्या आठवड्यात तेच पान वाचत असतात.

गेल्या पावसाळ्यात पप्पा गेले. त्यांचं मराठी बायबल माझ्याकडे आलं. सिम्हाथ तोरापासून मी ठरवलं की दर आठवड्याचा पाराशा वाचायचा. हिब्रू वाचता येतं, कळत नाही, म्हणून मराठीतूनच. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते भराभर गेलं. योसेफ भावांना ओळख देतो तिथे भाजी करपली. दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमाच्या शेवटी मंडपाची मोजमापं आली, तीही कशीबशी रेटली. तिसरं, लेवीय सुरू झालं आणि गाडी रुतली.

गेल्या आठवड्यात मोशेच्या भावाचे, अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, देवापुढे जळून मरतात. त्यावर बापाबद्दल एवढंच लिहिलंय की अहरोन गप्प राहिला. ते लागलं मला. दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. पण या आठवड्यात तझरिया आणि मेत्सोरा हे दोन पाराशा जोडून आलेत. डाग खोल आहे की वरवर, केस पांढरा झाला की पिवळा, सात दिवस वेगळं ठेवा, परत बघा. तीन दिवस वाचतेय. त्वचारोगाचं पाठ्यपुस्तक वाटतंय.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी जे कुठलाही ग्रंथ असा नेमाने, ठरलेल्या क्रमाने वाचतात, ते त्यातून स्वतःपुरतं काही कसं काढतात? आणि नाहीच निघालं तर काय करतात?

अवांतर: पप्पांच्या बायबलात जिथे जिथे पाराशा सुरू होतो तिथे समासात पेन्सिलीने आकडे आहेत, एकाखाली एक. ओव्यांचे नाहीत, पानांचे नाहीत. कोणाला काही सुचतंय का?

गुळपोहे:
समासात, पेन्सिलीने, एकाखाली एक आकडे. ताई, सरळ आहे. ओपन आणि क्लोज.
(हलके घ्या. पप्पांना नमस्कार.)

रानवारा:
मी ज्यू नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. आमच्या आळीत श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण असायचं. सहाव्या अध्यायात कुंडलिनी आली की आमचे अण्णासुद्धा नुसते ओठ हलवायचे, आणि अठराव्याला अर्धी आळी पेंगत असायची. मी एकदा विचारलं, अण्णा, हे कळतं का तुम्हाला? म्हणाले, नाही कळत. पण कळायची वेळ येईल तेव्हा पोथी पुढ्यात असली पाहिजे ना?

तेव्हा वाटलं म्हातारा टोलवतोय. आता तसं वाटत नाही.

पंतोजी:
राग मानू नका, पण थोडं विरुद्ध लिहितो. 'स्वतःपुरतं काढणं' या कल्पनेशीच माझं भांडण आहे. सध्या सगळ्याच धर्मांत ही साथ आली आहे. साहेब छळतोय आणि या आठवड्यात फारो आलाय, म्हणजे साहेब फारो. सासू आजारी आहे आणि रिबका आली, म्हणजे काहीतरी संकेत. याला वाचन म्हणत नाहीत. रविवारच्या पुरवणीत 'तूळ: वरिष्ठांशी जपून वागा' असतं, त्यातलाच प्रकार झाला. ग्रंथ आपल्याबद्दल नसतो. तो ज्यांच्याबद्दल आहे, ज्या काळातला आहे, ते आधी समजून घ्यावं. लेवीय म्हणजे याजकांची नियमावली आहे. नियमावली म्हणून वाचा, सुंदर आहे.

साप्ताहिक राशीभविष्य नको, एवढंच म्हणणं.

सातरस्ता:
पंतोजी, शब्दानेच घात केलात तुमचा. आमच्याकडे तोरा शिकायची म्हणजे पहिलं भाष्य राशीचं! रब्बी श्लोमो यित्झहाकी, आद्याक्षरं जोडून राशी. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, १०४० ते ११०५. त्यामुळे दर आठवड्याला राशी बघणं हा आमचा धर्मच आहे. :)

आता गंभीरपणे. तुम्ही म्हणता तो सरळ अर्थ आणि नारळीपोफळीताई म्हणतात तो आपला अर्थ, या दोघांचं भांडण ग्रंथाच्या शेजारीच छापलेलं असतं. अब्राहामाला देव पहिल्यांदा बोलतो ते शब्द 'लेख लेखा'. शब्दशः 'जा, तुझ्यासाठी'. राशी म्हणतो, तुझ्या भल्यासाठी, तुझ्या फायद्यासाठी. पुढे हसिदी पंथाच्या गुरूंनी तेच दोन शब्द 'तुझ्याकडे जा', स्वतःच्या आत जा, असे वाचले.

माझी गोष्ट सांगतो. घरचे सगळे इस्राएलला निघाले तो आठवडा नेमका लेख लेखा याच पाराशाचा. मावशी, मामा, मशिदीतले म्हातारे, जो तो सांगायला लागला की बघ, देव तुलाच सांगतोय, आपला देश सोड, बापाचं घर सोड. पंतोजींचं राशीभविष्य ते हेच. मी गेलो नाही. मला ते पान पुढे वर्षभर नजरेसमोर नको होतं. पण पाराशाची गंमत अशी की तो वर्षाने परत दारात येतो. आल्यावर मला आधीचंच पान दिसलं, नोहाच्या पाराशाचा अगदी शेवट. अब्राहामाचा बाप तेरह. तोही कनान देशाला जायलाच निघाला होता. वाटेत हारानला पोचला, तिथेच राहिला आणि तिथेच मेला. तोराने त्याला नावं ठेवलेली नाहीत. दोन वाक्यांत आटपलंय.

मी तेरह. माझं हारान म्हणजे भायखळा. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी माझी ती दोन वाक्यं वाचतो आणि शांतपणे चहा पितो.

गुळपोहे:
सातरस्ता, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

उंबरठा:
मी त्वचारोगांची डॉक्टर, बेने इस्राएल नाही. पण 'त्वचारोगाचं पाठ्यपुस्तक' वाचलं आणि राहवलं नाही. काल दवाखाना संपल्यावर लेवीयचा १३वा आणि १४वा अध्याय वाचून काढला.

पहिली गोष्ट, याला मराठीत महारोग म्हटलंय ते चूक आहे, आणि त्या एका शब्दाने फार माणसं भोगली आहेत. मूळ शब्द त्साराअथ. वर्णन कुष्ठरोगाचं नाही. तोच डाग पुढे कपड्यांना पडतो, १४व्या अध्यायात घराच्या भिंतींना पडतो. कुष्ठ भिंतींना होत नाही.

दुसरं, १३व्या अध्यायाचं १३वं वचन. डाग थोडा असेल तर माणूस अशुद्ध, पण डोक्यापासून पायापर्यंत सगळा पांढरा झाला तर शुद्ध! मी ते तीनदा वाचलं. माझ्याकडे कोड असलेल्या मुली येतात. हाताच्या बोटांवर चार ठिपके असतात. आई सोबत असते, लग्नाचं वय असतं. त्या ठिपक्यांपायी मुलगी उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं घालते. एक बाई आहेत माझ्याकडे, साठीच्या. त्यांचं सगळं अंग पांढरं झालंय. त्या एकदा म्हणाल्या, 'आता कोणी विचारत नाही हो डॉक्टर, आता मी गोरी.' आणि खदाखदा हसल्या. तोराला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. मला त्या बाई आठवल्या.

तिसरं, याजक घाईने निदान करत नाही. शंका असेल तर सात दिवस थांब, परत दाखव. मीही दिवसातून दहा वेळा हेच म्हणते.

पंतोजी, आता हे राशीभविष्य का?

पंतोजी:
डॉक्टर, नाही. तुम्ही आधी ग्रंथ वाचलात, मग बाई आठवल्या. क्रम महत्त्वाचा. (पण माझा मुद्दा थोडा पातळ झाला, कबूल.)

गुळपोहे:
भिंतीला डाग?? हिरवट की तांबूस? कोकणात जुलैमध्ये ज्याच्या भिंतीला डाग नाही असं एक घर दाखवा. म्हणजे तो याजक मुळात वॉटरप्रूफिंगवाला होता. तोही हेच म्हणतो, आठ दिवसांनी परत बघायला येतो. येत नाही.

नारळीपोफळी:
गुळपोहे, ऑफिसात जोरात हसले. पण मग तो भाग परत उघडला. डाग हिरवट किंवा तांबूसच लिहिलेत! आणि एक ओळ मी आधी गाळून पुढे गेले होते. याजक बघायला येण्याआधी घर रिकामं करायचं.

आम्ही पंधरा दिवस तेच करतोय. पेणजवळचं घर काढायचंय. मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, माझ्या जन्माआधीपासून. मी आणि भाऊ शनिवार-रविवार जाऊन डबे, पितळ, पप्पांची कॅलेंडरं अंगणात आणून ठेवतो. काय ठेवायचं, काय भंगारात, यावरून गेल्या रविवारी भावाशी वाजलं. म्हणजे पाराशा माझ्या अंगणातच मांडून ठेवला होता आणि मी त्वचारोग म्हणून कंटाळत होते.

सातरस्ता:
ताई, मग हेही घ्या. घर रिकामं का करायचं, यावर मिश्नात (तोराच्या नियमांवरचा आमच्या रब्बींचा जुना ग्रंथ) उत्तर आहे. याजकाने एकदा अशुद्ध म्हटलं की घरातलं सगळंच अशुद्ध. धातूची भांडी धुऊन शुद्ध करता येतात, मातीची येत नाहीत, फोडावी लागतात. म्हणून त्याने तोंड उघडायच्या आधी गरिबाची मडकी बाहेर काढायची. एवढा मोठा देव आणि काळजी कशाची, तर मडक्यांची.

आणखी एक. घरमालक कितीही पंडित असला तरी त्याने याजकाला 'डाग पडलाय' असं ठाम म्हणायचं नाही. 'डागासारखं काहीतरी मला दिसतंय' असंच म्हणायचं. भावाशी भांडताना वापरून बघा.

राशीचं भविष्यही सांगून टाकतो. तो म्हणतो, ही वाईट बातमी नसून चांगली आहे. कनानी लोकांनी सोनं भिंतींत पुरून ठेवलं होतं. भिंत पाडली की सापडणार.

गुळपोहे:
ताई, पश्चिमेची भिंत आधी.

बीरशेबाची:
शालोम. मी इस्राएलातल्या बीरशेबाहून. माहेर ठाणं. धाग्यात एक दुरुस्ती: जगभर तेच पान, हे नेहमी खरं नसतं. पेसाह (वल्हांडणाचा सण) इथे सात दिवस, तुमच्याकडे आठ. आठवा दिवस शनिवारी आला की तिथे सणाचं वाचन होतं आणि आम्ही इथे पुढचा पाराशा वाचून मोकळे. मग कित्येक आठवडे आम्ही एक पान पुढे. मग तिकडे जोडून वाचायचे पाराशा आम्ही इथे सुटे वाचतो, तेव्हा कुठे गाडी मिळते. धाकटी बहीण अजून ठाण्यालाच आहे. शुक्रवारी फोनवर ती म्हणते, तू मला पुढची गोष्ट सांगू नकोस.

मूळ प्रश्नाबद्दल. इथे नेहामा लायबोविट्झ नावाच्या बाई होऊन गेल्या (१९०५ ते १९९७). १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षं त्या दर आठवड्याच्या पाराशावर एक कागद काढायच्या. त्यात फक्त प्रश्न. उत्तर नाही. सैनिक, टॅक्सीवाले, किबुट्झमधल्या बाया उत्तरं लिहून टपालाने धाडायच्या आणि बाई लाल शाईने तपासून परत पाठवायच्या. त्यांच्या कबरीवर नावाखाली एकच शब्द आहे: मोरा. म्हणजे शिक्षिका. मी त्यांच्यावरून हे शिकले की अर्थ शोधायचाच नाही, या आठवड्याला एक प्रश्न शोधायचा. अर्थाच्या मागे लागलं की डोकं दुखतं. प्रश्न मात्र भाजी चिरताना सुद्धा सापडतो.

तिरसा:
सगळं छान चाललंय, त्यात मीठ टाकते. तझरियाची सुरुवात कोणी वाचलीच नाही वाटतं. मुलगा झाला तर बाई इतके दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर दुप्पट. मला यात 'स्वतःपुरतं' काय सापडावं? मी दर वर्षी हे पान रागावून वाचते आणि राग हाच माझा अर्थ. कोणी त्याला गुळाचा पाक लावू नये.

माझं टोपणनाव कुठून आलं ते सांगते. सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही. मोशेसमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही, त्याने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे. तो पाराशा आषाढात येतो. तोवर मी दम धरते.

रानवारा:
तिरसा, +१. पोथीशी भांडणारी माणसंच ती नीट वाचतात.

लोदकर:
मी इस्राएलातल्या लोदहून लिहितो. वय ८१. नातवाने मराठी कळफलक बसवून दिला आहे, चुका होतील.

नारळीपोफळी बेटा, धागा सगळा वाचला. कोणी तुझ्या आकड्यांकडे परत वळलंच नाही. मला एक सांग. ते आकडे वरून खाली उतरत जातात का? आणि दहाच्या खाली गेल्यावर काही बदलतं का?

नारळीपोफळी:
काका, पुस्तक पुढ्यात घेऊन बघते आहे. या आठवड्याच्या पानावर: १४, १४, ११, १२, १०, ९, ९, ७. हो, उतरतात. आणि नऊपासून प्रत्येक आकड्याशेजारी एक बारीक टिक आहे. वरच्या आकड्यांना नाही. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

लोदकर:
मग ती माणसं आहेत.

मिन्यानला, म्हणजे मशिदीतल्या जाहीर प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. दहा भरले तरच सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढून जाहीर वाचायचं. आमच्या गावात १९६० च्या सुमारास एकेक घर बोटीला आणि विमानाला लागलं. दर वर्षी एखादं कुलूप वाढायचं. माझे वडील शनिवारी रस्त्याच्या टोकाला उभे राहायचे, कोण येतंय बघत. त्यांनी कुठे लिहिलं नाही, पण रात्री जेवताना आकडा सांगायचे. नऊ म्हणजे वाचन नाही. लाकडी पेटीतली गुंडाळी पेटीतच.

सातरस्ता:
काका, शंका आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लिहीत नाहीत. आणि माणसं आकड्याने मोजायची नाहीत असा दंडक. आम्ही अजूनही स्तोत्रातलं दहा शब्दांचं वचन म्हणतो, 'होशीया एत अमेखा', एका माणसाला एक शब्द.

लोदकर:
बरोबर. तीन चांदण्या दिसल्यावर, शब्बाथ संपल्यावर लिहिलं असेल. आणि तोंडाने मोजायचं नाही, मान्य. पण ज्याच्या गावातले शब्द कमी पडत चाललेत तो कुठेतरी मोजणारच.

टिक कशाची ते मला माहीत नाही. ते बेटा तुलाच माहीत असेल.

नारळीपोफळी:
काल रात्री उत्तर लिहायला जमलं नाही.

मी शाळेत होते तेव्हा काही शनिवारी पप्पा मशिदीतून लवकर परत यायचे. मग आईने भिजवलेल्या मनुकांचं सरबत उरलेलं असायचं, त्याचा पेला मला मिळायचा आणि पप्पा ओटीवर बसून मराठीतून मोठ्याने वाचायचे. मला वाटायचं माझ्यासाठी वाचतात. गोष्ट असली की मी थांबायचे, नसली की पळायचे. मी अंगणात पळाले तरी ते थांबत नसत, आवाज तेवढाच. ओटीवर कोणी नसताना एवढ्या मोठ्याने का वाचतात, असं आईला विचारल्याचं आठवतं. आई म्हणाली होती, आज भरले नाहीत. मला वाटलं ती हंड्यांबद्दल बोलतेय.

टिक तीच असेल. नसेलही.

गुळपोहे:
मटक्याचा प्रतिसाद परत घेतो.

नारळीपोफळी:
घेऊ नका हो. पप्पा हसले असते.

पंतोजी:
थोडं वाचून आलो. वॉर्साच्या घेट्टोत कलोनिमुस कालमान शपिरा नावाचे रब्बी होते. १९३९ च्या सप्टेंबरपासून १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ते आठवड्याच्या पाराशावर बोलत राहिले. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात त्यांचा मुलगा, सून गेली. प्रवचनांत जर्मनांचं नाव नाही, बातम्या नाहीत, फक्त त्या आठवड्याचं वचन. कागद जमिनीत पुरले, युद्धानंतर सापडले. रब्बींना १९४३ मध्ये मारलं.

मी म्हटलं होतं ग्रंथ आपल्याबद्दल नसतो. अजूनही तसंच म्हणतो. पण बाहेर सगळं कोसळत असताना तेवढ्या एका पानाचा क्रम न सोडणं, हे माझ्या राशीभविष्याच्या चौकटीत बसत नाही. विचार करतोय.

लोदकर:
पंतोजी, तुमच्यासाठी एक. बेटी म्हणाली ना, अहरोन गप्प राहिला. तिथे हिब्रूत 'वय्यिदोम' आहे. आपला एलियाहू नबी डोंगरावर देवाची वाट बघतो तेव्हा आधी वारा येतो, मग भूकंप, मग आग, देव कशातच नाही. शेवटी येतो तो 'कोल देमामा दका', बारीक स्तब्ध आवाज. वय्यिदोम आणि देमामा एकाच धातूचे. तो उतारा पिनहासच्या पाराशाबरोबर नेमलेला आहे, पण तारखा अशा पडतात की बहुतेक वर्षी तो वाचायचा राहतोच, त्याच्या जागी यिर्मया नबीचा उतारा येतो.

अलिबागजवळ खंडाळ्याला (घाटातलं खंडाळा नव्हे) एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात त्या खडकावर मी लहानपणी मलिदा खाल्ला आहे. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर पाच फळं. तिथे खूप गोंगाट असायचा. देमामा कुठेच नव्हती.

तिरसा:
काका, फार सुंदर. पण मिन्यानबद्दल एक बोलतेच. नऊ पुरुष असतात, वर सज्जात पाच बायका बसलेल्या असतात, आणि 'भरले नाहीत' म्हणून सगळे घरी जातात. नारळीपोफळी, तू गेलीस तरी आकडा नऊच राहतो. याचा राग येत नाही तुला?

नारळीपोफळी:
येतो. पण अजून डागासारखं काहीतरी दिसतंय, एवढंच म्हणते. :)

सातरस्ता:
कडक.

नारळीपोफळी:
शब्बाथ संपला. ठाण्यात तीन चांदण्या दिसल्या असं धरूया.

सकाळी गेले होते, पप्पा गेल्यावर पहिल्यांदाच. खाली नऊ जण. हज्जान (प्रार्थना चालवणारे) वाट बघत होते. एक आजोबा छत्री घेऊन चालत कोणाला तरी बोलवायला गेले. मी वर सज्जात पप्पांचं बायबल उघडून बसले. आम्ही पाच जणी होतो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, मोठ्याने वाच, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. मग वाचलं. डागवाला माणूस छावणीबाहेर बसलेला असतो. तो आत येऊ शकत नाही, म्हणून याजकाला उठून बाहेर त्याच्याकडे जावं लागतं. हे वाक्य मी आठवडाभरात पाच वेळा तरी वाचलं असेन, पण आज ते वाचत असताना खिडकीतून छत्रीवाले आजोबा फाटकाबाहेर जाताना दिसत होते.

चाळीस मिनिटांनी ते आले, सोबत विशीतला एक मुलगा, डोळ्यांत झोप, हातात हेल्मेट. शब्बाथला गाडी चालवायची नसते, आणि शनिवारी हेल्मेट. कोणी एक अक्षर बोललं नाही. सेफेर बाहेर काढला.

आत्ता पेन्सिलीने पप्पांच्या यादीखाली १० लिहिलं. शेजारी कंसात १५. तिरसा, तुझ्यासाठी.

पुढच्या आठवड्यात परत दोन पाराशा जोडून आहेत. प्रश्न सापडला की नवा धागा काढीन. भिंतीत सोनं नाही सापडलं, दोन जुन्या चाव्या सापडल्या, कुठल्या कुलुपाच्या ते भावालाही माहीत नाही.

तिरसा:
कंस पुढच्या वर्षी काढ.

गुळपोहे:
चाव्या जपून ठेवा. आणि एक महत्त्वाचं राहिलं. ते मनुकांचं सरबत कसं करतात?

बीरशेबाची:
काळ्या मनुका, बियांच्या मिळाल्या तर उत्तम. शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात भिजत घाला, दुपारी हाताने कुस्करा, मलमलच्या फडक्यातून गाळा. मिक्सर लावू नका, गढूळ होतं. साखर नाही. किद्दुशला (शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्याला) पुरेल इतकंच करा म्हणतात, पण आमच्याकडे नेहमी एक पेला जास्त व्हायचा.